गोव्यासमोरच्या गाळात बुलॉइड्स वाढला, म्हणजे मान्सून वाढला असं लिहायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात भूशास्त्रात एमएस्सी करणाऱ्या एका विद्यार्थिनीला प्रकल्पासाठी समुद्रतळाच्या गाळाचा दोन मीटर लांबीचा कोर (नळी घुसवून काढलेला सलग दंड) मिळाला आहे. जागा गोव्याच्या पश्चिमेला, खंडान्त उतारावर, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ (शेल्फ) संपून समुद्र खोल होत जातो तिथे. फोरामिनिफेरा (थोडक्यात फोराम, कवच असलेले समुद्रातले सूक्ष्म एकपेशीय जीव) मोजून त्यातला ‘ग्लोबिजेरिना बुलॉइड्स’ ज्या थरात वाढलेला दिसेल तिथे नैर्ऋत्य मान्सून जोरात होता, असं लिहिता येईल का, आणि नमुने धुण्यापासून मोजणीपर्यंत काय सांभाळायचं, हे तिने विचारलं आहे.

पहिल्या भागाचं उत्तर: तेवढ्यावर लिहू नका. ओमानसमोर ते चालतं, गोव्यासमोर चालत नाही.

बुलॉइड्स हा मुळात थंड आणि पोषक पाण्यातला फोराम, उपध्रुवीय समुद्रात भरपूर असणारा. अरबी समुद्रासारख्या उबदार समुद्रात तो मोठ्या संख्येने दिसतो तो जिथे खालचं थंड, पोषणद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं तिथे. ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहणारा पावसाळी वारा पृष्ठभागाचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो, खालचं पाणी वर येतं आणि बुलॉइड्सची संख्या एकदम चढते. तिथे वारा, पाणी आणि फोराम यांची साखळी सरळ आहे. म्हणूनच ओमान उतारावरच्या 723 क्रमांकाच्या खोदविवरातल्या गाळावरून अनिल गुप्ता, अँडरसन आणि ओव्हरपेक यांनी 2003 साली नैर्ऋत्य मान्सूनच्या चढउतारांचा आलेख मांडला तेव्हा बुलॉइड्सची टक्केवारी पुरेशी बोलकी ठरली.

गोव्यासमोर ही साखळी दोन ठिकाणी तुटते. इथेही पावसाळ्यात तळपाणी वर सरकतं, पण त्याचा जोर केरळसमोर जास्त आणि उत्तरेकडे येता येता कमी. शिवाय त्याच महिन्यांत घाटावरचा पाऊस मांडवी, जुवारी, काळी आणि इतर लहान-मोठ्या नद्यांतून समुद्रात येतो. हे हलकं गोडसर पाणी वर पसरतं आणि खालच्या पाण्याला झाकण घालतं. दुसरी गोष्ट हिवाळ्याची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून कोरडा, थंड वारा येतो. अरबी समुद्राच्या उत्तर भागात पृष्ठभागाचं पाणी थंड आणि जड होऊन खाली बसतं, मिश्र थर (वरचा घुसळलेला थर) खोल जातो, पोषणद्रव्यं वर येतात. गोवा या हिवाळी मिश्रणाच्या दक्षिण सीमेवर आहे. हिमयुगात नैर्ऋत्य मान्सून मंद आणि हिवाळी वारे जोरदार होते, त्यामुळे ही सीमा दक्षिणेकडे सरकू शकते. मग आपल्या कोरमध्ये 20,000 वर्षांपूर्वीच्या थरात बुलॉइड्स वाढलेला दिसला, तर तो पावसाळ्याचा की हिवाळ्याचा? टक्केवारी एकटी हे सांगू शकत नाही. फोरामचं कवच पाऊस मोजत नाही. ज्या खोलीवर आणि ज्या दोन-चार आठवड्यांत ते वाढलं, तिथल्या पाण्याची ती नोंद असते. हंगाम कोणता, हे आपल्याला दुसऱ्या पुराव्यावरून ठरवावं लागतं.

आता कामाकडे. नमुना कापायच्या आधी कोरची जागा आणि खोली तपासून घ्या. गोव्यासमोर किनाऱ्यापासून साधारण 50-60 मीटर खोलीपर्यंत नद्यांनी आणलेला चिकण गाळ आहे. त्यापलीकडे शेल्फच्या कडेपर्यंत बऱ्याच भागात जुनी, शंखशिंपल्यांची वाळू उघडी पडलेली आहे. ती समुद्रपातळी आजच्यापेक्षा खूप खाली होती तेव्हाची आहे आणि तिच्यावर नंतरचा गाळ फारसा साचलेलाच नाही. तिथल्या कोरमधून सलग इतिहास मिळत नाही. उतारावरचा कोर त्या मानाने बरा, पण उतार म्हणजे घसरण आलीच. 2015 साली आयओडीपी या समुद्रतळ खोदण्याच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या 355 क्रमांकाच्या मोहिमेत अरबी समुद्राच्या तळावरच्या लक्ष्मी खोऱ्यात खोदलेल्या दोन जागांवर सुमारे 1 कोटी 8 लाख वर्षांपूर्वीच्या अजस्र घसरणीचा गाळ सापडला. त्याला ‘नटराज’ घसरण म्हणतात. तिने किनाऱ्याजवळचा माल खोल समुद्रात नेऊन टाकला आहे. आपल्या दोन मीटरमध्ये एवढं मोठं काही नसेल, पण लहान घसरणी असतात. खूण सोपी आहे: 1000 मीटर खोलीच्या नमुन्यात अमोनिया, एल्फिडियम किंवा अँफिस्टेजिना अशा उथळ पाण्यातल्या फोरामची कवचं दिसली, आणि तो थर खाली जाडसर व वर बारीक होत गेला असेल, तर तो थर हिशेबातून काढा.

खोलीचं आणखी एक कारण आहे. अरबी समुद्रात साधारण 150 ते 1200 मीटर दरम्यानच्या पाण्यात प्राणवायू अगदी कमी असतो. या पट्ट्यात तळाला बिळं करणारे किडे कमी, म्हणून थर कमी ढवळलेले मिळतात. त्याखाली ते ढवळले जातातच. गणित करून पाहा. गाळ 1000 वर्षांत 10 सेंटीमीटर साचत असेल आणि किडे वरचे 8 सेंटीमीटर ढवळत असतील, तर प्रत्येक नमुन्यात सुमारे 800 वर्षांची कवचं मिसळलेली असतात. अशा कोरमधून शंभर वर्षांच्या दुष्काळावर लिहिणं म्हणजे नसलेल्या माहितीवर लिहिणं. दर सेंटीमीटरला नमुना घेतल्याने हे बदलत नाही.

ग्रॅव्हिटी कोर असेल तर वरचे काही सेंटीमीटर बहुतेक वेळा वाहून गेलेले असतात, कारण वजनदार नळी तळावर आदळताना वरचा पातळ गाळ उडतो. त्याच जागेचा मल्टिकोर किंवा बॉक्स कोर (वरचा गाळ न उडवता घेतलेला) उपलब्ध असेल तर तो मागून घ्या आणि दोघांचे वरचे भाग जुळवा. नाही तर ‘वरचा नमुना म्हणजे आज’ हे गृहीतच चुकतं.

नमुना घेताना नळीच्या भिंतीला लागलेला अर्धा सेंटीमीटर गाळ टाकून द्या. नळी आत घुसताना तो वरून खाली ओढला गेलेला असतो. उरलेला गाळ 45-50 अंशांवर सुकवा. ओव्हन जास्त तापवलं तर चिकणमातीची ढेकळं विटेसारखी कडक होतात आणि ती फोडताना कवचंही फुटतात. सुकलेला गाळ 10 ग्रॅम तोलून घ्या आणि रात्रभर पाण्यात भिजवा. साधं डिस्टिल्ड वॉटर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी झालेलं असतं. त्यात नमुना अनेक दिवस पडून राहिला तर पातळ कवचं झिजतात. भिजवायचं ते एक रात्र, आठवडा नव्हे. चिकणमाती सुटत नसेल तर थोडं सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घाला. हायड्रोजन पेरॉक्साइड अगदीच गरज असेल तर आणि पातळ करून. रासायनिक तपासणीसाठी ठेवलेल्या भागाला या टप्प्यावर तर नकोच.

मग 63 मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या फवाऱ्याखाली धुवा. बोटाने चोळू नका. खालून पडणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत धीर धरा. इथे जांभ्याच्या मुलखातली लालसर चिकणमाती असते, तिला वेळ लागतो. एका नमुन्यानंतर चाळणी घासून धुतली तरी जाळीच्या छिद्रात एखाद-दुसरं कवच अडकून राहतं. म्हणून दुसरा नमुना टाकण्याआधी चाळणी मिथिलीन ब्ल्यूच्या द्रावणात बुडवून काढा. अडकलेली कवचं निळी होतात. पुढच्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली निळं कवच दिसलं की ते मागच्या थरातलं, ते मोजायचं नाही. फार स्वस्त उपाय आहे आणि तरीही बरेच जण तो टाळतात.

चाळणीवर उरलेला भाग सुकवून तोला. मग कोरडा असताना 150 मायक्रॉनची चाळणी लावा. प्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या) फोरामची टक्केवारी काढताना 1970 च्या दशकातल्या क्लायमॅप या हिमयुगातल्या समुद्राचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पापासून हीच चाळणी रूढ आहे. तुमचे आकडे इतरांशी जुळवायचे असतील तर ती बदलू नका. मायक्रोस्प्लिटरने भाग निम्मा-निम्मा करत साधारण 300 कवचं उरतील इथपर्यंत या आणि उरलेला भाग पूर्ण मोजा. 300 झाली म्हणून मध्येच थांबू नका, कारण ट्रेमध्ये मोठी कवचं डोळ्यांत आधी भरतात आणि लहान मागे राहतात. काळ्या ट्रेवर चौकटी आखलेल्या असतात. एका कोपऱ्यापासून ओळीने जा. बारीक 000 नंबरचा ओला ब्रश वापरा आणि कवचं 60 चौकटींच्या स्लाइडवर ट्रॅगाकांथ डिंकाने बसवा.

बुलॉइड्सची ओळख नीट करा, कारण सगळा वाद त्याच्यावर आहे. शेवटच्या फेरीत चार फुगीर कप्पे आणि त्यांच्या मधोमध, बेंबीवर, मोठं कमानदार तोंड. त्याच्याशी गल्लत होते ती ‘ग्लोबिजेरिना फाल्कोनेन्सिस’ची: शेवटचा कप्पा लहान आणि तोंडावर पातळ ओठ. सुरुवातीला दोन्ही एकाच रकान्यात पडतात. फाल्कोनेन्सिस वेगळा मोजला तर हिवाळ्याच्या बाजूने एखादा धागा हाती लागू शकतो. तुटलेल्या कवचांचे तुकडेही मोजा. तुकडे एकदम वाढले आणि ‘ग्लोबोरोटालिया मेनार्डी’, ‘पुलेनियाटिना’ अशी जाड कवचाची मंडळी वाढली, तर तळाच्या पाण्याने पातळ कवचं विरघळवली असण्याची शक्यता आधी बघा.

आता आकड्यांचा अर्थ. 300 कवचांत एका प्रजातीचं प्रमाण 20 टक्के आलं, तर 95 टक्के खात्रीची मर्यादा सुमारे अधिक-उणे 4.5 टक्के असते. म्हणजे 20 वरून 23 वर गेलेली टक्केवारी हा बदल नाही. आलेखावर ही मर्यादा काढलीत की अर्धे खाचखळगे आपोआप गळून पडतात. दुसरी अडचण बेरजेची. टक्केवारीची बेरीज शंभर असते, म्हणून दुसरी प्रजाती कमी झाली तरी बुलॉइड्स ‘वाढलेला’ दिसतो. यासाठीच सुरुवातीला 10 ग्रॅम तोलले होते. प्रत्येक ग्रॅममागे बुलॉइड्स किती, हा दुसरा आलेख काढा. दोन्ही एकाच दिशेला जात असतील तर बोलायला जागा आहे.

इथवरचं काम सूक्ष्मदर्शकावर होतं. पुढचं काम यंत्राचं आणि पैशाचं आहे, पण थोडे नमुने तरी करून घ्या. दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. दोन्ही ठिकाणी या विषयाचे जाणकार आहेत. तुमच्या मार्गदर्शकांमार्फत विचारा.

ऑक्सिजन समस्थानिकांसाठी (ऑक्सिजनचे हलके आणि जड प्रकार) पांढरा ‘ग्लोबिजेरिनॉइड्स रुबर’ घ्या. तो वरच्या थरात राहतो. आकार 250 ते 355 मायक्रॉन, तोही प्रत्येक नमुन्यात तोच, कारण कवच वाढत जातं तसं त्याचं रसायन बदलतं. गोलसर कप्प्यांचा आणि चपट्या कप्प्यांचा, असे रुबरचे दोन प्रकार एकत्र टाकू नका. दुसरा थोडा खोल राहतो. समस्थानिकांना दहा-बारा कवचं पुरतात, मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तराला (त्यावरून पाण्याचं तापमान काढतात) तीस-चाळीस तरी हवीत. तीही काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये हलके दाबून कप्पे उघडायचे, पूड करायची नाही. मग अतिशुद्ध पाणी, मिथेनॉल, पेरॉक्साइड आणि शेवटी अगदी पातळ नायट्रिक आम्ल असे धुण्याचे टप्पे.

धुण्यावर एवढा जोर देण्याचं कारण आकड्यात आहे. प्लवक फोरामसाठी सर्रास वापरलं जाणारं समीकरण असं: गुणोत्तर बरोबर 0.38 गुणिले ई चा (0.09 गुणिले तापमान) घात. 28 अंशांना ते सुमारे 4.7 मिलिमोल प्रति मोल येतं, 25 अंशांना सुमारे 3.6. म्हणजे एका अंशाला नऊ-दहा टक्के. कप्प्यात अडकलेल्या चिकणमातीत मॅग्नेशियम असतंच. तिने गुणोत्तर दहा टक्क्यांनी फुगवलं की तुमचा समुद्र एक अंशाने उगाच तापतो. म्हणून त्याच द्रावणात ॲल्युमिनियम, लोह आणि मँगनीज मोजून घ्या. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम एकत्र वर-खाली होत असतील तर तो आकडा तापमानाचा नाही. गोव्याच्या लोहयुक्त मातीमुळे लोहाची तपासणी इथे जास्त कडक ठेवावी लागते.

समजा, हिमयुगाच्या कळसापासून (सुमारे 21,000 वर्षांपूर्वी) आजपर्यंत रुबरच्या ऑक्सिजन-18 (जड ऑक्सिजन) च्या प्रमाणात 2.0 प्रति हजार इतका फरक आला. यातला सुमारे 1.0 हिमनद्यांचा वाटा: हलका ऑक्सिजन बर्फात अडकला होता आणि समुद्रपातळी साधारण 120 मीटर खाली होती. मॅग्नेशियमवरून तापमान 2.5 अंशांनी बदललं असं दिसलं, तर प्रत्येक अंशाला 0.22 धरून 0.55 गेला. उरला 0.45. हा उरलेला भाग स्थानिक पाण्याचा, म्हणजे घाटावरून येणाऱ्या गोड्या पाण्याचा, बाष्पीभवनाचा आणि प्रवाहांचा. तापमानात एक अंश चूक, यंत्राची 0.08 आणि हिमाच्या वाट्याची 0.1 एकत्र केली की त्रुटी सुमारे 0.25 होते. थोडक्यात, 0.45 अधिक-उणे 0.25. आकडा बोलतो, पण हळू आवाजात. त्यावरून क्षारता किती बदलली हे दशांशात सांगू नका. क्षारता आणि ऑक्सिजन-18 यांचं आजचं नातं तेव्हाही तसंच होतं, याला आधार लागतो. शिवाय हिवाळ्यात पश्चिम किनारी प्रवाह बंगालच्या उपसागराचं कमी खारट पाणी उत्तरेकडे घेऊन येतो. तो आजच्याइतकाच जोरात होता का, हाही प्रश्न उरतो.

तळवासी फोराम विसरू नका. त्यांना यंत्र लागत नाही. बोलिविना, बुलिमिना, उविजेरिना हे लांबट, निमुळते प्रकार वाढले तर तळाला प्राणवायू कमी आणि सेंद्रिय अन्न जास्त. गोव्यासमोर आजही पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबर-ऑक्टोबरात, शेल्फवर प्राणवायू घसरतो. पण उतारावर प्राणवायू फक्त वरून पडणाऱ्या अन्नावर ठरत नाही, खोलवरचं पाणी कुठून आणि किती ताजं येतं यावरही ठरतो. म्हणून यांचा आलेख बुलॉइड्सच्या शेजारी ठेवून वाचा, त्याच्या जागी नव्हे.

वय ठरवायला रेडिओकार्बन. साधारण 10 मिलिग्रॅम प्लवक कवचं वेचा, रुबर आणि सॅक्युलिफर (आणखी एक प्लवक फोराम) मिळून चालतील. ती ओली ठेवू नका, बुरशीचा ताजा कार्बन वय कमी दाखवतो. पृष्ठभागाच्या समुद्राचा कार्बन मुळातच काहीशे वर्षं जुना दिसतो आणि खालचं पाणी वर येतं तिथे आणखी जुना. त्यामुळे समुद्री अंशांकन वक्र (रेडिओकार्बनच्या वयाचं खऱ्या वर्षांत रूपांतर करणारा आलेख) आणि या किनाऱ्याची स्थानिक दुरुस्ती, दोन्ही लावून मगच वर्षं लिहा आणि प्रबंधात कोणती दुरुस्ती लावली ते नमूद करा. दोन तारखा घेऊन मधलं सगळं सरळ रेषेने जोडलं तर घसरण, खंड, गाळाचा वेग बदलणं, काहीच दिसत नाही. दोन मीटरला पाच-सहा तारखा मागा. तेवढे पैसे नसतील तर समस्थानिकांचे नमुने कमी करा, तारखा कमी करू नका.

मग केव्हा ‘नैर्ऋत्य मान्सून जोरात’ असं लिहायचं? एकाच थरात बुलॉइड्स टक्क्यातही आणि ग्रॅममागेही वाढलेला आहे, तापमान आणि हिमाचा वाटा वजा केल्यावर उरलेलं ऑक्सिजन-18 चं प्रमाण कमी आहे (म्हणजे गोडं पाणी जास्त), आणि चिकणमातीचं प्रमाण वाढलेलं आहे. असं असेल तर लिहा. बुलॉइड्स वाढला, पण उरलेलं ऑक्सिजन-18 चं प्रमाण जास्त, तापमान खाली आणि फाल्कोनेन्सिसही वर, तर हिवाळी वाऱ्यांचा विचार आधी करा. पुरावे एकमेकांशी जुळत नसतील तर तसंच लिहा. परीक्षकाला त्यात काही गैर वाटणार नाही.

शेवटी साठवणीबद्दल, कारण काम जून-जुलैत अडकेल. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत स्लाइडवरच्या डिंकाला बुरशी येते. लाकडी कपाटात ठेवलेल्या स्लाइडवर त्याहून वाईट होतं: लाकडातून सुटणारी ॲसेटिक आम्लाची वाफ आणि ओलावा मिळून कवचांवर पांढरी क्षारांची पूड धरते आणि कवच हळूहळू खाऊन टाकते. धातूचं कपाट, झाकणबंद डबा, आत सिलिका जेल आणि ते गुलाबी झालं की ओव्हनमध्ये पुन्हा सुकवणं, एवढं पुरे. आणि मोजणी संपल्यावर कोणतेही पाच नमुने, क्रमांक झाकून, दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्या. बुलॉइड्सच्या टक्केवारीत वर दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक आला, तर आलेख काढण्याआधी दोघांनी एकाच सूक्ष्मदर्शकावर बसून ओळख जुळवा.